संविधान मराठीतून वाचताना कोणते शब्द आधी समजून घ्यावेत?

तुम्ही लिहिलंय की संविधानाची मराठी प्रत हौसेने घेतली, पण दहा पानांतच शब्दांनी अडवलं. मी पुण्यात, सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यव्यवस्था शिकवते. माझा अनुभव असा की अवघड शब्दांची भीती बाळगायचं कारण नाही. ‘प्राकर्षण’ (खालच्या न्यायालयातलं प्रकरण वरच्या न्यायालयाने मागवून घ्यायचा आदेश) दिसलं की माणूस आपणहून कोश उघडतो. गोंधळ होतो तो रोजच्या वापरातल्या शब्दांपाशी, कारण ते आपल्याला येतात असं आपण धरून चालतो.

सगळ्यात आधी ‘राज्य’. अनुच्छेद 14 सांगतो की राज्य कोणत्याही व्यक्तीला कायद्यापुढे समानता नाकारणार नाही. गेल्या पावसाळ्यात हे वाचून दाखवत होते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, राज्य नाकारणार नाही, मग केंद्राने नाकारलं तर चालतं का?” वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी रास्त होता. अनुच्छेद 1 मध्ये भारताला राज्यांचा संघ म्हटलंय, तिथे राज्य म्हणजे महाराष्ट्र, केरळ, आसाम. तोच शब्द तेरा अनुच्छेद पुढे आला की वेगळाच होतो. त्याची व्याख्या अनुच्छेद 12 मध्ये आहे: भारत सरकार आणि संसद, घटकराज्यांची सरकारं आणि विधानमंडळं, शिवाय स्थानिक आणि इतर प्राधिकरणं, हे सगळं मिळून ‘राज्य’. म्हणजे पुणे महानगरपालिकासुद्धा राज्यच. वॉर्ड ऑफिसात जात पाहून कुणाला वेगळी वागणूक मिळाली, तर तिथेही मूलभूत हक्काचाच भंग होतो.

त्या मुलीने वहीत ‘राज्य’वर काट मारून वर ‘सत्ता’ असं लिहिलं. मला ते फार पटलं. भाग तीन (मूलभूत हक्क) आणि भाग चार (सरकारसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) तुम्हीही तसेच वाचून बघा, अर्धी कोडी सुटतील. पुढे राज्यांच्या कारभाराचा भाग सहा लागला की मात्र राज्य म्हणजे पुन्हा आपलं महाराष्ट्रासारखं घटकराज्य.

दुसरी जोडी ‘व्यक्ती’ आणि ‘नागरिक’. हातात पेन्सिल घ्या आणि हे दोन शब्द दिसतील तिथे गोल करा. 14 आणि 21 मध्ये व्यक्ती आहे, 15, 16 आणि 19 मध्ये नागरिक. पुण्यात परदेशातून शिकायला आलेली कितीतरी मुलं आहेत. त्यांच्यापैकी कुणाला पोलिसांनी उचललं, तर कायद्याने ठरवलेल्या कार्यपद्धतीशिवाय त्याचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही, कारण 21 प्रत्येक माणसासाठी आहे. भाषणस्वातंत्र्याचा 19 मधला हक्क मात्र त्याला नाही. एका शब्दाने एवढा फरक पडतो, आणि घाईघाईने वाचणाऱ्याच्या तो लक्षातही येत नाही.

तिसरा शब्द ‘वाजवी’. अनुच्छेद 19 च्या पहिल्या खंडात हक्क आहेत, पुढच्या खंडांत त्यांच्यावरचे वाजवी निर्बंध. बरेच जण पहिला खंड पाठ करतात आणि थांबतात. भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या खंडात हा शब्द मुळात नव्हता, तो 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आला. त्याच दुरुस्तीने निर्बंधांची कारणं वाढवली, पण ‘वाजवी’ आल्यामुळे निर्बंध रास्त आहे की नाही हे तपासायची वाट न्यायालयाला मोकळी झाली. मला हा संविधानातला फार मोलाचा शब्द वाटतो.

बाकीचे भराभर सांगते. संविधानात असतो तो अनुच्छेद, साध्या कायद्यात कलम. बोलताना आपण दोन्हीला कलमच म्हणतो, पण जमावबंदीचं 144 संविधानात शोधत बसू नका, ते फौजदारी प्रक्रिया संहितेतलं होतं. विधेयक म्हणजे सभागृहात मांडलेला मसुदा. तो मंजूर होऊन त्यावर राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची सही झाली की अधिनियम. अधिवेशन चालू नसताना राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात तो अध्यादेश. अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत त्याला मंजुरी मिळाली नाही, तर तो आपोआप संपतो. क्लासच्या पुस्तकातलं ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ सरकारी प्रतीत ‘देहोपस्थिती’ या नावाने भेटेल. दोन्ही एकच: अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा, असा आदेश.

वाचायचा क्रम विचाराल तर आधी उद्देशिका, मग थेट अनुच्छेद 12 ते 35, म्हणजे मूलभूत हक्क. त्यानंतर 79 वर या. तिथे संसदेत दोन सभागृहांसोबत राष्ट्रपतीही मोजलेले दिसतील, आणि आपण सगळे ‘संसद’ हा शब्दसुद्धा किती ढिला वापरतो ते कळेल.