वाचकांचे प्रश्न : स्टेजवरचा कीबोर्ड

प्रश्न : ताई, मी बरीच वर्षं घरी अरेंजर कीबोर्ड वाजवतोय. आता एका बँडमध्ये घेतलंय मला. ड्रम आहे, बेस आहे, दोन गिटार आहेत, त्यामुळे माझ्या कीबोर्डमधले तयार ठेके कुणालाच नकोत. सगळे म्हणतात, सिंथ (सिंथेसायझर) घे. ६१ पट्ट्यांचा घेऊ की ८८? वर्कस्टेशन म्हणजे वेगळं काय असतं? आणि आवाज कुणाचा चांगला?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक जण तिथंच अडकतात. दुकानात आपण हेडफोन लावतो, एकेक आवाज ऐकतो आणि ज्याचा पियानो सगळ्यात भरदार, त्याच्या प्रेमात पडतो. स्टेजवर त्या वाद्याची परीक्षा भलत्याच ठिकाणी होते. एक गाणं संपलंय, ड्रमर पुढच्या गाण्याच्या काठ्या वाजवायला लागलाय, दिवे मंद आहेत. तेवढ्या वेळात एका हाताने, फारसं न बघता, तुम्हाला हवा तो आवाज लावता येतो का? मी वाद्य निवडते ते एवढ्यावर. त्यातून जी दोन-तीन वाद्यं उरतील, त्यांत आवाज कानाला पटेल तो घ्यावा.

म्हणून दुकानात गेलात की आधी पॅनेल बघा. आठ-दहा बटणं सरळ समोर आहेत आणि प्रत्येकावर तुमचा एकेक आवाज बसवता येतो, असं वाद्य हातात घ्या. आवाज बदलायला आधी मेन्यू, मग गट, मग चक्र फिरवत यादीत शोधाशोध, असं जिथं आहे ते बाजूला ठेवा. टचस्क्रीन चांगला असतो, पण बोटाला घाम असला की तो ऐकत नाही. त्यामुळे स्क्रीनला हात न लावताही आवाज बदलतो ना, तेवढं विचारा. आवाज बदलणं पेडलवर टाकता येत असेल तर फारच उत्तम, दोन्ही हात पट्ट्यांवर राहतात.

ही सोय सहज आलेली नाही. १९७० च्या मिनीमूग या सिंथमध्ये आवाज साठवायची सोयच नव्हती आणि एका वेळी सूरही एकच. वादक कागदावर नॉबच्या जागा लिहून ठेवायचे आणि दोन गाण्यांच्या मध्ये एकेक नॉब हाताने फिरवायचे. १९७८ च्या प्रॉफेट-५ या सिंथने पाच सूर एकदम दिले आणि जुळवलेला आवाज बटणावर परत आणून दिला. १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१ आला. त्यात ध्वनिमुद्रित नमुन्यांवरचे आवाज, ड्रम, इफेक्ट आणि सिक्वेन्सर (वाजवलेलं नोंदवून परत वाजवणारी सोय) असं सगळं एकाच पेटाऱ्यात होतं, आणि वर्कस्टेशन म्हणतात ते यालाच. तुमच्या बँडमध्ये ड्रम आणि बेस वाजवायला माणसं आहेत, तेव्हा सिक्वेन्सरला बहुतेक धूळच बसेल. तुम्हाला स्प्लिट (पट्ट्या वाटून वेगवेगळे आवाज), लेयर (एकावर एक आवाज) आणि झटपट आवाजबदल हवाय. ज्याला स्टेज कीबोर्ड म्हणतात तो बघा.

आता पट्ट्या. ८८ पट्ट्यांच्या वाद्यात बहुधा हातोड्याची यंत्रणा असते. पियानो त्यावर सुंदर वाजतो, पण वजन सहज १५ ते २० किलोच्या घरात जातं. शिवाय ऑर्गनवर तळव्याने सर्रकन घसरायचं तर त्या जड पट्ट्या बोटं सोलतात. ६१ मध्ये पाच सप्तकं मिळतात आणि स्प्लिट केलं की प्रत्येक हाताला जागा अपुरी पडते. पियानोची एकट्याने वाजवायची गाणी तुमच्याकडे नसतील, तर ७३ किंवा ७६ पट्ट्यांचा, मध्यम वजनाच्या पट्ट्यांचा घ्या. बँडमधल्या माणसाला मी हेच सांगते. एकट्याने पियानो वाजवणारा असेल तर मात्र ८८ ला पर्याय नाही.

प्रश्न : पियानो वाजवता वाजवता स्ट्रिंग्जचा पॅच (साठवलेला आवाज) लावला की आधीचा सूर खाडकन तुटतो. सगळ्या बँडचं लक्ष माझ्याकडे जातं. यावर काही उपाय?

उत्तर : उपाय आहे, आणि तो समजला की अर्धी स्टेजची भीती जाते. पॅच बदलला की पुष्कळ कीबोर्ड जुन्या पॅचचे इफेक्ट काढून नव्याचे भरतात. त्या क्षणी वाजत असलेला सूर आणि त्याचा रिव्हर्ब (घुमारा), दोन्ही कापले जातात. कॉर्गचा क्रोनॉस (२०११) आणि यामाहाचा मोंटाज (२०१६) यांसारख्या वाद्यांत दाबून ठेवलेला सूर तसाच राहून नवा आवाज येतो. तशी सोय मोंटाजवर आठ भागांपर्यंतच्या परफॉर्मन्सला (एकत्र मांडलेल्या आवाजांच्या संचाला) आहे. विकत घेण्याआधी हे स्वतः करून बघा. पेडल दाबून एक स्वरसमूह धरा, पॅच बदला आणि ऐका.

तुमच्याकडे आहे त्या वाद्यावर करायचं तर गाण्याच्या मध्ये पॅच बदलूच नका. एका गाण्याला एकच सेटअप करा आणि सगळे आवाज त्यात आधीच मांडून ठेवा. मी एका गाण्याचं सांगते. सुरुवातीला लांब पॅड (मागे रेंगाळणारा मऊ आवाज), कडव्यात पियानो, ध्रुवपदात स्ट्रिंग्ज आणि शेवटच्या फेरीत ब्रासचे चार ठोके. ६१ पट्ट्यांवर खालची दोन सप्तकं पॅड आणि स्ट्रिंग्जना दिली. तिथला स्वर फार खालचा येतो, म्हणून तेवढा भाग एक सप्तक वर सरकवला. त्याच्यापुढची अडीच सप्तकं पियानोला, तोही गाण्याला हवा तसा सप्तकाने हलवून घेतला. राहिल्या वरच्या टोकाच्या चार-पाच पांढऱ्या पट्ट्या. त्या गाण्यात तिकडे हात जातच नाही. ब्रासचे ठोके तिथं ठेवले. पॅड आणि स्ट्रिंग्ज दोन वेगवेगळ्या स्लायडरवर आहेत. उजवा हात पियानोचा पहिला स्वर लावतो तेव्हा डावा हात पॅड हळूहळू खाली आणतो. ऐकणाऱ्याला आवाज कधी बदलला तेही कळत नाही. बटण एकदाही दाबावं लागत नाही.

हे जुळवताना एक हिशेब डोक्यात असू द्या. वाद्य एका वेळी किती आवाज काढू शकतं, म्हणजे त्याची पॉलिफनी. स्टीरिओ पियानोचा एक सूर पुष्कळ वाद्यांत दोन आवाज खातो, त्यावर स्टीरिओ स्ट्रिंग्जचा लेयर टाकला की एका पट्टीला चार. दोन हातांनी सहा पट्ट्या दाबल्या तर २४. पेडल न सोडता दोनदा स्वरसमूह बदलला की ७२ होतात, आणि ६४ पॉलिफनीच्या वाद्यात आधीचे सूर गळायला लागतात. लेयर करताना पेडल फक्त पियानोला लागू ठेवा आणि स्ट्रिंग्जच्या भागाला बंद करा. बहुतेक वाद्यांत प्रत्येक भागाला ही सोय वेगळी असते, पण सेटिंगमध्ये जाऊन ती शोधावी लागते.

प्रश्न : घरी माझा सिंथ इतका छान वाजतो आणि बँडमध्ये ऐकूच येत नाही. आवाज वाढवला की गिटारवाला वाढवतो. साउंडवाले दादा म्हणतात, तुझा आवाज चिखल करतोय.

उत्तर : त्यांचं म्हणणं खरं असणार. कारखान्यातून येणारे पॅच एकट्याने वाजवून भुरळ पाडावी असे बनवलेले असतात. खाली भरपूर, वर चकचकीत, सगळीकडे रिव्हर्ब. मधल्या सी चा कंप सुमारे २६२ हर्ट्झ. एक सप्तक खाली आलात की १३१, आणखी एक आलात की ६५. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला असते आणि साध्या गिटारची ८२ ला. म्हणजे तुमचा डावा हात त्या दोघांच्या घरात जाऊन बसलाय. बेस वाजतोय तिथं डाव्या हाताने मूळ सूर धरायची सवय सोडा, मधल्या सी च्या आसपास दोन-तीन सुरांचा छोटा स्वरसमूह घ्या आणि १५० हर्ट्झच्या खालचं इक्वलायझरने उतरवा. हेडफोनमध्ये तो आवाज किरटा वाटेल. वाटू द्या. बँडमध्ये तोच नीट उठून येतो. रिव्हर्बही निम्म्यावर आणा, मंचाला स्वतःचा घुमारा असतो.

यामाहाच्या डीएक्स-७ (१९८३) या सिंथचा इलेक्ट्रिक पियानो इतक्या बँडमध्ये का चालला, याचं कारणही इथंच आहे. त्याच्या एफएम पद्धतीत (एका लहरीने दुसऱ्या लहरीचा कंप बदलून आवाज घडवायची रीत) पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा होतो तसाच तो तीक्ष्णही होतो, सुराच्या आरंभी काचेवर टिचकी मारल्यासारखा टणत्कार येतो. तो टणत्कार गिटारच्या गर्दीतूनही कानापर्यंत पोचतो.

आणखी दोन गोष्टी. पॅचचे आवाज एकमेकांशी जुळवायचे ते स्टेजवर वाजतो तितक्या मोठ्या आवाजात, स्पीकरवर. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की आवाज हळू असला की आपला कान खालचे सूर कमी ऐकतो. रात्री हेडफोनमध्ये हळू आवाजात जुळवलेला बास म्हणूनच मंचावर धडधडतो. दुसरं म्हणजे, मिक्सरला तुमची एकच वायर जात असेल, तर ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जागेतच ती लावा आणि पियानोचा मोनो (एकाच वाटेने येणारा) पॅच शोधा. दोन माइकने घेतलेला स्टीरिओ पियानो एकत्र केला की काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ वाटतो. लांब वायर असेल तर मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी पेटी) हवाच. गुणगुण आली तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

प्रश्न : सॉफ्टवेअरमधले आवाज इतके सुंदर आहेत, तर साधा मिडी कीबोर्ड (ज्यात स्वतःचे आवाज नसतात) आणि लॅपटॉप घेऊन स्टेजवर जाऊ का?

उत्तर : जा, पण तयारीने. उशिराने वाजण्याची भीती लोक जास्त घालतात. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने असताना २५६ नमुन्यांचा बफर, म्हणजे तेवढे नमुने साठवून मग वाजवणं, यात सुमारे ५.८ मिलिसेकंद जातात. तीन मीटरवरच्या मॉनिटरचा (वादकांसाठीच्या स्पीकरचा) आवाज हवेतून यायलाच जवळपास नऊ मिलिसेकंद लागतात. बफर १२८ किंवा २५६ ठेवा, बाहेरचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरला देणारी छोटी पेटी) लावा, तेवढ्याने बोटांना फरक जाणवत नाही. लॅपटॉपच्या आपल्या हेडफोनच्या भोकातून मात्र मिक्सरला जाऊ नका.

खरा धोका वेगळा आहे. कार्यक्रमाच्या दिवशी अपडेट नाही, वाय-फाय बंद, झोपायला जाण्याची सेटिंग बंद. यूएसबीची वायर ऑडिओच्या काही प्लगसारखी कुलूपबंद होत नाही, कुणाचा पाय लागला की निघते. ती स्टँडच्या दांड्याला एक वेढा घालून मगच लावा. आणि ज्यात स्वतःचे आवाज आहेत असा एखादा साधा कीबोर्ड मिक्सरला जोडून, आवाज उतरवून, शेजारी ठेवा. लॅपटॉप परत सुरू व्हायला लागणारा वेळ श्रोत्यांसमोर फार मोठा असतो. माझं स्वतःचं मत विचाराल, तर लॅपटॉप मी त्याच्याशिवाय मिळतच नाही अशा एखाद-दोन आवाजांसाठी ठेवते. पियानो, ऑर्गन, स्ट्रिंग्ज वाद्यातूनच.

प्रश्न : नवा सस्टेन पेडल उलटा चालतो. सोडला की सूर लांबतो, दाबला की थांबतो. बदलून घेऊ का?

उत्तर : पेडल चांगला आहे. काही पेडलमध्ये दाबल्यावर जोडणी तुटते, काहींत जुळते, कंपनीगणिक हे बदलतं. पेडलच्या खाली छोटा स्विच असेल तर तो सरकवा. नसेल तर कीबोर्ड बंद करा, पेडल लावा आणि पाय लांब ठेवून सुरू करा. पुष्कळ वाद्यं चालू होताना पेडलची स्थिती बघून तीच ‘सोडलेली’ धरतात. एक्स्प्रेशन पेडलमध्ये (पायाने आवाज कमी-जास्त करायचा पेडल) असंच आतल्या तारांच्या क्रमाचं असतं, तिथं वाद्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेलाच पेडल घ्या.

प्रश्न : गायिका ऐन वेळी म्हणते, आज काळी दोनमधून नको, पांढरी दोनमधून घेऊ या. ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण वापरणं कमीपणाचं आहे का?

उत्तर : कमीपणा कसला! तिचा गळा आज तिथं बसतोय, तर गाणं तिथंच व्हायला हवं. वजा एक (अर्धा स्वर खाली) करा आणि सरावाच्याच पट्ट्यांवर वाजवा. फक्त ते सगळ्या भागांना लागू झालंय ना बघा. एखाद्या पट्टीवर तुम्ही टाळी, ठोका किंवा रेकॉर्ड केलेला तुकडा लावला असेल, तर काही वाद्यांत तोही सरकतो आणि शेजारच्या पट्टीवर जाऊन बसतो. त्या भागापुरता ट्रान्सपोज बंद ठेवता येतो. दुसरं वाद्य मिडीने जोडलेलं असेल, तर पहिल्या वाद्याचा ट्रान्सपोज मिडीतून बाहेर जातो की नाही हे घरीच तपासा. दोन्हीकडे वजा एक लागला तर दुसरं वाद्य वजा दोनवर जातं, आणि पांढरी दोनऐवजी काळी एक ऐकू येते. बटण दाबून झालं की गाणं सुरू व्हायच्या आधी मॉनिटर हळू ठेवून एक सूर लावा आणि गायिकेला द्या. तिलाही आधार होतो आणि तुमचीही खात्री होते. गाणं संपल्यावर तो आकडा लगेच शून्यावर आणा, पुढच्या गाण्याचा पॅच लावायच्याही आधी, कारण अनेक वाद्यांत पॅच बदलला तरी ट्रान्सपोज तसाच राहतो.