आधी वाचायला शीक

चि.,
अनेक आशीर्वाद.

रून-जादू, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या अक्षरांची जादू, शिकायची आहे, अक्षरं कोरलेल्या चोवीस दगडांचा संच मागवू का, असं तू विचारलंस. मागवू नकोस. सुताराकडून मऊ लाकडाची पट्टी आण आणि धारदार चाकूने तिच्यावर रेघा मारून बघ. लाकडाच्या तंतूंबरोबर जाणारी रेघ तंतूंतच हरवते, कधी पट्टीच चिरते. तंतूंना छेदून जाणारी रेघ मात्र स्वच्छ उमटते. म्हणून रूनमध्ये उभे दांडे आणि तिरप्या फांद्या. आपली शिरोरेघ त्या लाकडावर टिकली नसती!

रून ही आधी लिपी आहे. डेन्मार्कमधल्या विमोसे इथे इ. स. 160 च्या सुमाराचा कंगवा सापडला, त्यावर एकच शब्द आहे, ‘हर्जा’. बहुधा एखाद्याचं नाव. नॉर्वेत बर्गनच्या धक्क्यावर 1955 मध्ये आग लागली, नंतरच्या उत्खननात शेकडो कोरीव काठ्या निघाल्या. बऱ्याच मालावर बांधायच्या चिठ्ठ्या. एकीवर निरोप: ‘गीदा सांगते, तू घरी जा.’ मला ही काठी फार आवडते.

मग जादू नव्हतीच का? होती. स्वीडनमधल्या लिंडहोल्मच्या हाडावर ‘अ’ ओळीने आठ वेळा कोरलाय आणि शेवटी ‘अलु’. हाच शब्द कितीतरी ताइतांवर आणि सोन्याच्या पदकांवर येतो. त्याच्या अर्थावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. असं न उलगडलेलं तसंच जपायला शीक, घाईने अर्थ चिकटवू नकोस.

एगिल स्कालाग्रिमसन हा दहाव्या शतकातला आइसलँडचा कवी. त्याच्यावरच्या, तेराव्या शतकात लिहिलेल्या सागात, म्हणजे गद्य कथेत, एक आजारी मुलगी आहे. एगिल तिचं अंथरूण तपासतो, तर खाली देवमाशाचं हाड, त्यावर रून. एका शेतकऱ्याच्या पोराने धड येत नसताना कोरलेले. एगिल ते वाचतो, खरवडून काढतो, जाळतो. मग नवे रून कोरून तिच्या उशाखाली ठेवतो आणि ती बरी होते. ज्याला वाचता येत नाही त्याने रून कोरू नयेत, असं तो तिथेच कवितेत सांगतो. त्याने आधी वाचलं, हे लक्षात ठेव.

आणखी एक. एगिलच्या काळी चिन्हं सोळाच होती. चोवीसांची मालिका त्याहून जुनी. गॉटलंड बेटावरच्या क्युल्वरच्या दगडावर ती साधारण इ. स. 400 मध्ये ओळीने कोरलेली दिसते. आजच्या संचांत कधी एक काहीच न कोरलेला दगड असतो, तो तर 1980 च्या दशकातला. 1908 मध्ये ग्विडो फॉन लिस्ट या ऑस्ट्रियन माणसाने अठरा रूनची स्वतःची मालिका मांडली. पुढे नाझींनी रून आपल्या गणवेशावर चढवले. आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचं युरोपात काय झालं ते तुला ठाऊक आहे. म्हणून कुठलंही चिन्ह गळ्यात घालण्यापूर्वी ते कोणाच्या हातांतून आलंय, हे शोध.

आइसलँडमध्ये 1625 साली योन रोग्नवाल्डसन या माणसाला जाळलं. पुराव्यात त्याच्याकडचे रून लिहिलेले कागद होते. ज्या गोष्टीपायी माणसं जिवाला मुकली, तिला खेळ समजू नकोस.

‘हावामाल’ या जुन्या नॉर्स काव्यात ओदिन हा देव नऊ रात्री झाडाला लटकून रून मिळवतो. त्याच काव्यात पुढे प्रश्नांची रांग आहे: कसं कोरायचं ठाऊक आहे? कसं वाचायचं ठाऊक आहे? या महिन्यात सोळा रूनची नावं पाठ कर. पहिलं ‘फे’, म्हणजे गुरंढोरं, धन. नॉर्वेच्या जुन्या रून-कवितेत त्याची ओळ आहे: धन भाऊबंदकी लावतं, लांडगा रानात वाढतो. पट्टीवर ‘फे’च कोर. उभा दांडा, त्याच्या उजवीकडे वर चढणाऱ्या दोन फांद्या. फोटो पाठव, आणि ती ओळ वाचून तुझ्या मनात काय आलं तेही कळव.