रोजच्या जगण्यात मूलभूत हक्कांचा उपयोग काय?

कोर्टाची पायरी कधी चढावी लागली नाही, मग राज्यघटनेतील हक्क आपल्या कोणत्या कामाचे, असा आपला प्रश्न आहे. गोव्यात राहणाऱ्याला याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांची सभा झाली ती नागरी स्वातंत्र्यासाठीच, कारण पोर्तुगीज राजवटीत परवानगीवाचून जाहीर सभा घेता येत नव्हती आणि छापील मजकूर सेन्सॉरच्या हातून जात असे. आज ग्रामसभेत उभे राहून डोंगरकापणीबद्दल सरपंचांना जाब विचारता येतो, त्यामागे राज्यघटनेचा अनुच्छेद १९, म्हणजे बोलण्याचे व शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे.

माझ्या मते सर्वांत निकडीचा मात्र अनुच्छेद २२. समजा, रात्री घरातल्या मुलाला पोलिसांनी अटक केली, तर अटकेचे कारण त्याला सांगावेच लागते, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते (प्रतिबंधक स्थानबद्धतेचे, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून ताब्यात ठेवण्याचे, नियम वेगळे आहेत). सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या डी. के. बसू खटल्यातील निकालानुसार अटकेच्या पंचनाम्यावर वेळ व तारीख नोंदवून घरच्या माणसाची किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते. वकिलाची फी परवडत नसेल, तरी कोठडीतील व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोलीस ठाण्यात गेल्यावर आधी वकिलाची मागणी करा, आणि समजल्याखेरीज कोणत्याही कागदावर सही करू नका.