वाचक विचारतात : नामवंतांविषयीच्या ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

इतिहास, क्रीडा आणि मनोरंजन या क्षेत्रांतील नामवंतांविषयी आश्चर्य वाटावे अशा गोष्टी कानावर आल्या असतील, तर त्या पडताळण्यासाठी आमच्याकडे पाठवाव्यात, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. आलेल्या पत्रांतील बराचसा मजकूर मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून आलेला दिसतो. असे संदेश सरसकट खोटे नसतात. मुळात एखादी खरी घटना असते आणि हातोहात पुढे जाताना तिच्यावर चार गोष्टी चढत जातात. हा चढवलेला भाग काढून टाकला तर उरणारी हकीकत अनेकदा अधिक विलक्षण ठरते, असा माझा अनुभव असल्यामुळे त्याच दृष्टीने निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : भारतीय चित्रपटाची पहिली नायिका पुरुष होती, असे वाचले. हे खरे आहे काय? (एक वाचक, नाशिक)

खरे आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईतील गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. साळुंके हे व्यवसायाने आचारी होते. चित्रपटात काम करण्यास एकही स्त्री तयार होत नाही, हे पाहून हताश झालेल्या फाळक्यांना ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात ते दिसले आणि त्यांची सडपातळ शरीरयष्टी या भूमिकेला योग्य वाटली. पुढे १९१७ मध्ये ‘लंकादहन’ या चित्रपटात साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि त्यानंतरच्या काळात त्यांनी कॅमेराही हाताळला.

मात्र याचे जे आश्चर्य वाटते ते आपल्याला. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात वावगे काही दिसले नसणार. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी मराठी रंगभूमी भारून गेली होती आणि गंधर्व नाटक मंडळीची स्थापनाही १९१३ याच वर्षातली आहे. माझ्या मते खरी नवलाची गोष्ट वेगळीच आहे. त्याच वर्षी फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान वयाची मुलगी कमला या दोघी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या, तर कमला मोहिनी. पुरुषांनाही ज्या व्यवसायाचा संकोच वाटत होता, त्यात एकट्या स्त्रीने आपल्या मुलीसह पाऊल टाकावे, यासाठी केवढे धैर्य लागले असेल! ही कमला म्हणजेच पुढच्या कमलाबाई गोखले, अभिनेते चंद्रकांत गोखले यांच्या आई आणि विक्रम गोखले यांच्या आजी. साळुंक्यांचे नाव जितके सांगितले जाते, तितकेच या मायलेकींचेही सांगितले गेले पाहिजे.

प्रश्न : नेपोलियन खरोखरच बुटका होता का? (एक विद्यार्थिनी, परभणी)

नव्हता. त्याची उंची पाच फूट दोन इंच नोंदवलेली आढळते. पण ही मापे जुन्या फ्रेंच पद्धतीची आहेत. फ्रेंच इंच सुमारे २.७ सेंटिमीटरचा आणि इंग्रजी इंच २.५४ सेंटिमीटरचा असल्यामुळे नेपोलियनची उंची आजच्या हिशेबाने सुमारे १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास भरते. त्या काळच्या फ्रेंच पुरुषाच्या मानाने ती कमी नव्हती. त्याला ठेंगू ठरवण्यात जेम्स गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : हेडी लामार या हॉलिवूडच्या अभिनेत्रीने वाय-फायचा शोध लावला, असा संदेश आमच्या शाळेच्या गटावर आला होता. तो मुलांना सांगावा का? (एक शिक्षक, कोल्हापूर)

अवश्य सांगावा, पण थोडा दुरुस्त करून. वाय-फायचा शोध हेडी लामार यांनी लावलेला नाही. त्यांनी जे केले ते समजावून सांगितले, तर मुलांना विज्ञानाचाही एक चांगला धडा मिळेल.

हेडी यांचा जन्म १९१४ मध्ये व्हिएन्ना येथे झाला. त्यांचे पहिले पती फ्रिट्झ मांडल हे शस्त्रास्त्रांचे मोठे कारखानदार होते. तो विवाह मोडून त्या युरोपातून बाहेर पडल्या आणि हॉलिवूडमध्ये आघाडीच्या अभिनेत्री झाल्या. दुसऱ्या महायुद्धात रेडिओलहरींच्या साहाय्याने पाणतीराला (टॉर्पेडोला) दिशा देता येईल का, याचा विचार चालू होता. यात अडचण अशी होती की, शत्रूने ती लहर एकदा ओळखली की त्याच वारंवारितेवर (फ्रिक्वेन्सीवर) तो गोंगाट सोडून संदेश बुडवू शकत असे. हेडी लामार आणि त्यांचे स्नेही, संगीतकार जॉर्ज अँथाइल, यांनी यावर असा उपाय सुचवला की संदेश एकाच वारंवारितेवर न पाठवता ती सतत बदलत ठेवावी. पाठवणारे आणि घेणारे यंत्र ती एकाच वेळी, एकाच क्रमाने बदलत राहिले, तर शत्रूच्या हाती त्या संदेशाचे तुकडेच लागतील.

हे दोन्ही बाजूंना एकाच लयीत घडवायचे कसे, या प्रश्नावर अँथाइल यांचा अनुभव कामी आला. आपोआप वाजणाऱ्या पियानोंसाठी त्यांनी संगीतरचना केली होती. अशा पियानोत भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते आणि भोक येईल त्याप्रमाणे स्वर वाजतो. तशीच एकसारखी गुंडाळी जहाजावर आणि पाणतीरात बसवून वारंवारिता बदलावी, अशी ही योजना होती. तिच्यात ८८ वारंवारिता धरल्या होत्या, आणि पियानोच्या पट्ट्याही ८८च असतात. अमेरिकेत या योजनेचे पेटंट ११ ऑगस्ट १९४२ रोजी मंजूर झाले, परंतु नौदलाने त्या वेळी ते वापरले नाही.

वारंवारिता बदलत ठेवण्याची कल्पना त्याआधीही काही जणांनी मांडली होती, त्यामुळे तिचे सगळे श्रेय या दोघांना देता येत नाही. आज या तत्त्वाचा ठळक वापर ब्लूटूथमध्ये दिसतो. वाय-फायचे प्रचलित प्रकार वेगळ्या पद्धतीने चालतात. तरीही चित्रीकरण आटोपून घरी आल्यावर युद्धातील एका तांत्रिक अडचणीवर डोके चालवणारी आणि पेटंट मिळण्यापर्यंत तिचा पाठपुरावा करणारी अभिनेत्री ही मुलांसमोर ठेवावी अशीच व्यक्ती आहे. तिच्या या कामाची जाहीर दखल घेतली जाण्यास १९९७ साल उजाडले आणि २००० साली तिचे निधन झाले.

प्रश्न : शास्त्रज्ञ नील्स बोर ऑलिम्पिकमध्ये फुटबॉल खेळले होते का? (एक वाचक, मडगाव)

ऑलिम्पिकमध्ये खेळले ते त्यांचे धाकटे बंधू हॅराल्ड बोर. नील्स हे कोपनहेगनमधील अकाडेमिस्क बोल्डक्लब या संघाचे गोलरक्षक होते, पण राष्ट्रीय संघातून ते खेळले नाहीत. हॅराल्ड मात्र १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्ककडून खेळले आणि त्या संघाला रौप्यपदक मिळाले. उपांत्य सामन्यात डेन्मार्कने फ्रान्सला १७-१ असे हरवले होते. हॅराल्ड हे स्वतः नाणावलेले गणितज्ञ होते. नील्स यांना १९२२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि दोघा भावांच्या कथा एकमेकींत मिसळून गेल्या. नील्स यांचा मुलगा अर्नेस्ट हाही १९४८ च्या ऑलिम्पिकमध्ये डेन्मार्ककडून हॉकी खेळला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध एका क्रिकेटपटूने निवडणूक लढवली होती, असे आजोबा सांगत असत. कोण होता हा क्रिकेटपटू? (एक वाचक, पुणे)

आपल्या आजोबांनी सांगितले ते खरे आहे. त्या क्रिकेटपटूचे नाव बाळू पालवणकर. जुन्या धावफलकांत ते ‘पी. बाळू’ असे आढळते. त्यांची ओळख केवळ ‘आंबेडकरांचे प्रतिस्पर्धी’ एवढीच उरावी, हे मला अन्यायाचे वाटते. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चर्मकार समाजातील हे कुटुंब मूळचे कोकणातले. बाळूंचा जन्म धारवाडचा आणि वडील लष्करी नोकरीत. पुण्यात तरुण बाळूला पोटापाण्यासाठी काम मिळाले तेही मैदानावरच. आधी पारशी क्रिकेटपटूंच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे, आणि पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पूना क्लबमध्ये मैदानाची देखभाल करण्याचे. येथे सरावाच्या जाळ्यात ते साहेबांना गोलंदाजी करू लागले. उत्तम फलंदाज म्हणून नाव असलेले कॅप्टन ग्रेग हे दररोज सर्वांच्या आधी येऊन बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करत असत आणि आपल्याला बाद केल्यास दर खेपेला आठ आणे देत असत, असे सांगितले जाते. बाळूंना फलंदाजीची संधी मात्र तेथे मिळत नसे. बॅट धरायची ती साहेबांनी.

त्या काळी क्रिकेटचे संघ धर्मानुसार असत. गोऱ्यांच्या संघाला हरवायचे तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा, हे पुण्यातील हिंदू संघाला कळून चुकले आणि बाळूंना संघात घेतले गेले. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी टाकलेला चेंडू झेलत, उचलून त्यांच्या हातात देत. चहाच्या वेळी मात्र इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या कपांतून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळत असे. जेवणाचे पानही वेगळेच मांडले जाई. चेंडूला न होणारा विटाळ कपाला कसा होतो, याचे उत्तर त्या सभ्य गृहस्थांपैकी कोणाला देता आले असते, असे वाटत नाही.

पुढे बाळू मुंबईत हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि १९०६ मध्ये युरोपीयांवर हिंदूंनी मिळवलेल्या गाजलेल्या विजयात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्या दौऱ्यात संघाने बहुतेक सामने गमावले, परंतु एकट्या बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले. इतके असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे त्यांचे भाऊही उत्तम खेळाडू होते. १९२० मध्ये बाळूंना वगळण्यात आले आणि विठ्ठल यांनाही कर्णधारपदासाठी डावलण्यात आले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी उघड निषेध करून संघ सोडला. त्यावर मोठा गहजब झाला आणि अखेर बाळूंना उपकर्णधार म्हणून परत घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, तेव्हा थोरल्या भावाला नाकारलेला मान निदान त्या घरात आला.

क्रिकेट सोडल्यानंतर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर डॉ. आंबेडकरांच्या सहीबरोबर बाळूंचीही सही आहे. दोघांचे मार्ग मात्र वेगळे होते. १९३७ च्या मुंबई प्रांतिक कायदेमंडळाच्या निवडणुकीत, मुंबई शहरातील राखीव जागेसाठी, स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. आंबेडकर यांच्यासमोर काँग्रेसने बाळूंना उभे केले. डॉ. आंबेडकर निवडून आले, पण मतांतील फरक सुमारे दोन हजारांचाच होता. बाबासाहेबांसारख्या नेत्यासमोर इतकी मते पडतात, यावरून मुंबईच्या कामगार वस्तीत या गोलंदाजाविषयी किती जिव्हाळा होता, हे कळते. १९५५ मध्ये बाळूंचे निधन झाले.

प्रश्न : ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीचा होता, असे माझा मित्र म्हणतो. मला ते पटत नाही. (एक वाचक, सातारा)

मित्राचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. फ्रेडी मर्क्युरी यांचे मूळ नाव फारुख बलसारा. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी भारतात पाठवण्यात आले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात त्यांचे बालपण गेले. ‘फ्रेडी’ हे नाव त्यांना मिळाले ते याच काळात. तेथेच ते पियानो शिकले आणि शाळेतील मित्रांना घेऊन त्यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्यात ते पियानो वाजवत. टेबल टेनिस आणि मुष्टियुद्ध या खेळांतही ते पुढे होते.

शाळा संपल्यावर ते झांझिबारला परतले. १९६४ मध्ये तेथे क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडला जाऊन स्थायिक झाले. ‘क्वीन’ची स्थापना १९७० ची. मर्क्युरी यांनी मुलाखतींतून आपल्या बालपणाविषयी फार थोडे सांगितले, त्यामुळे पाचगणीतील ही वर्षे त्यांच्या अनेक चाहत्यांना १९९१ मधील त्यांच्या निधनानंतरच कळली. याच वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांनी संगीतासाठी अर्धवट सोडलेला खगोलभौतिकीचा प्रबंध तीन दशकांहून अधिक काळानंतर पुन्हा हाती घेतला आणि २००७ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधून पीएच. डी. मिळवली, हेही आपल्या मित्राला जरूर सांगावे.