खाट होती, प्राणवायू नव्हता

प्रश्न : माझे दीर म्हणतात, करोनाचा उगीच बाऊ केला. टाळेबंदीत त्यांचं सलून बुडालं. काय सांगू त्यांना?

उत्तर : ताई, त्यांचं नुकसान आधी मान्य करा. २४ मार्च २०२०ला रात्री आठला घोषणा, मध्यरात्रीपासून देश बंद. हातावर पोट असणाऱ्यांवर तो अन्यायच होता. पण एप्रिल २०२१मध्ये मी नाशिकला अतिदक्षता विभागात परिचारिका होते. हाय फ्लोवरचा, म्हणजे नाकातून जोरात प्राणवायू देणाऱ्या यंत्रावरचा, एकेक रुग्ण मिनिटाला ६० लिटरपर्यंत प्राणवायू घ्यायचा. सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर जेमतेम दोन तास! बहुतेक रुग्ण बरे होतात, खरंय. पण सगळे एकाच आठवड्यात आले तर? रिक्षात धापा टाकणाऱ्या एका आजोबांना मी दारातूनच परत पाठवलं. आत खाट रिकामी होती. दिरांना हे सांगा.