पाणी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी स्वतः छापायच्या का? पुस्तकाचा खर्च आणि फिरता निधी

नमस्कार ताई,

आटपाडी आणि खानापूर तालुक्यांतल्या पाणी चळवळीत उतरलेल्या बत्तीस बायकांच्या आठवणी तुमच्या गटाने तीन वर्षे गावोगाव फिरून नोंदवल्या. एका प्रकाशकाने ५०० प्रती तुम्हीच विकत घ्याव्यात अशी अट घातली. म्हणून पुस्तक स्वतःच काढावे का, त्यासाठी नवी संस्था नोंदवावी लागेल का, प्रती किती आणि किंमत काय ठेवावी, असे तुम्ही विचारले आहे. सांगलीत आम्ही काही जण गेली बावीस वर्षे ना नफा तत्त्वावर चळवळींची पुस्तके काढत आहोत, त्या अनुभवावरून लिहितो. माझे मत स्पष्ट आहे: स्वतः काढा. पाचशे प्रती तुमच्या गळ्यात घालणारा प्रकाशक छपाईचा सगळा खर्च तुमच्याकडूनच वसूल करतो आणि हक्क, किंमत व दुसऱ्या आवृत्तीचा निर्णय मात्र स्वतःच्या हातात ठेवतो.

हे दुखणे जुने आहे. ज्यांचे घराणे मूळचे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे, त्या महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा ‘दीनबंधू’त त्याची सुरुवातीची प्रकरणे छापून झाल्यावर पुढचे छापणे थांबले. ‘दीनबंधू’ तर सत्यशोधकांचेच पत्र होते. आपल्या विचारांच्या माणसाच्या हातात छापखाना असला, तरी काय छापायचे याचा अधिकार आपल्याकडे नसेल तर मजकूर अडतो, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

नवी संस्था नोंदवण्याची घाई मात्र करू नका. तुमच्या गटाचा सार्वजनिक न्यास आधीच आहे, तर त्याच्या घटनेतील उद्देश काढून पाहा. त्यात शिक्षण, प्रबोधन किंवा साहित्यप्रकाशन असा उल्लेख असेल तर त्याच नावाने पुस्तक काढता येते. नसेल तर ठराव करून धर्मादाय आयुक्त कार्यालयातून उद्देशात बदल करून घ्यावा. ज्या न्यासाचा उद्देश सर्वसाधारण लोकोपयोगी काम या सदरात मोडतो, त्याच्या विक्रीसारख्या व्यावसायिक जमेला एकूण जमेच्या २० टक्क्यांची मर्यादा असते, म्हणून पहिली पावती फाडण्याआधी तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटना एकदा विचारा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कोणी दलाल पैसे मागत असेल तर देऊ नका. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रती पाठवाव्या लागतात. आमच्या पहिल्या दोन पुस्तकांच्या वेळी हे राहून गेले होते.

आता पैशांचे. चळवळीचे प्रकाशन उभे राहते किंवा बसते ते फिरत्या निधीवर, म्हणजे एका पुस्तकाच्या विक्रीतून परत येऊन पुढच्या पुस्तकाला लागणाऱ्या पैशांवर, हे मी अनेक गटांची पहिली पुस्तके निघालेली आणि दुसरी कधीच न निघालेली पाहून सांगतो. देणगी मिळते, हजार प्रती छापल्या जातात, प्रकाशन समारंभात निम्म्या प्रती पाहुण्यांना भेट दिल्या जातात, उरलेल्या कोणाच्या तरी माळ्यावर जातात, आणि पुढच्या पुस्तकासाठी पुन्हा देणगीदाराच्या दारात उभे राहावे लागते. पहिल्या पुस्तकाचे पैसे परत आले पाहिजेत आणि ते वेगळ्या खात्यातच राहिले पाहिजेत. मेळाव्याच्या मंडपाचे बिल भागवायला या निधीला हात लावायचा नाही, असा ठराव आजच लिहून ठेवा. मोह फार होतो.

हिशेब असा मांडा. डेमी आकाराची १६० पाने म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पाने म्हणजे एक फर्मा). अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, प्लेटा, कागद, छपाई आणि बांधणी धरून ५०० प्रतींना समजा प्रतीमागे ८० रुपये खर्च आला, तर एकूण ४०,००० रुपये झाले. बाजारातला प्रकाशक या पुस्तकाची किंमत खर्चाच्या चौपट-पाचपट ठेवतो, कारण विक्रेता आणि वितरक यांची सूट त्यातूनच जाते. तुमचे पुस्तक बहुतांशी तुमच्याच माणसांच्या हातून विकले जाणार असेल तर २०० रुपये किंमत पुरते. प्रकाशनपूर्व नोंदणीत ते १५० रुपयांना द्या. दोनशे जणांनी नोंदणी केली की ३०,००० रुपये छपाईआधीच जमा होतात, आणि निधीतून फक्त १०,००० घालावे लागतात. नोंदणी शंभराच्या पुढे सरकत नसेल तर ५०० चा विचार सोडून डिजिटल छपाईवर २०० प्रती काढाव्यात. पुस्तकावर जीएसटी नाही, पण कागदावर आणि छपाईवर तो भरावा लागतो आणि परत मिळत नाही, हे छापखान्याचे दरपत्रक वाचताना विसरू नका. येरळा नदीची वाळू विकून लोकांनीच बांधलेल्या बळीराजा धरणाच्या खर्चाचा भाग उभा करणारे लोक तुमच्या खानापूर तालुक्यातलेच आहेत, त्यामुळे दोनशे नावे जमणार नाहीत असे मला वाटत नाही.

फुकट वाटण्याविषयी माझे मत कठोर आहे. आमची एक पिन मारलेली ४८ पानांची पुस्तिका एक मोलमजुरी करणारी बाई दर आठवडी बाजाराला वीस-वीस प्रती फडक्यात बांधून नेत असे. भाजीच्या पिशवीवर ती ठेवायची आणि विचारणाऱ्याला मधले एक पान मोठ्याने वाचून दाखवायची. बाजार उठल्यावर ती आमच्याकडे येऊन नाणी मोजून देई आणि उरलेल्या प्रतींची संख्या स्वतःच्या हाताने वहीत लिही. दहा रुपये देऊन नेलेली पुस्तिका घरात वाचली जाते, हे तिनेच आम्हाला शिकवले. कोल्हापूरचे कॉम्रेड गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ हे भाषणातून तयार झालेले छोटे पुस्तक १९८८ साली आले आणि त्याच्या लाखाहून अधिक प्रती गेल्या, त्यामागे कमी किंमत आणि प्रती खांद्यावर घेऊन फिरणारे कार्यकर्ते होते. आपल्या सांगलीतून निघत आलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन वार्तापत्राचेही बळ वर्गणीदार मिळवणाऱ्या कार्यकर्त्यांतच राहिले आहे.

मजकुराचे काम पैशांपेक्षा अवघड आहे आणि तुम्ही त्याविषयी काहीच विचारलेले नाही, म्हणून आग्रहाने लिहितो. त्या बायका माणदेशी बोलतात. ती बोली ‘शुद्ध’ करून घेऊ नका. अर्थ अडेल तिथे तळटीप द्या. संपादन झाल्यावर प्रत्येकीच्या घरी जाऊन तिचा मजकूर तिला वाचून दाखवा. आमच्या एका पुस्तकात एका बाईने ऐकता ऐकता हात वर करून थांबवले. मोर्चाच्या दिवशी घरी मूल तापाने फणफणले होते, हे वाक्य तिने सांगितले होते खरे, पण सासरी ते आता वाचले जाऊ नये अशी तिची इच्छा होती. आम्ही ते तिथेच खोडले. संमतीपत्र मराठीत, साध्या शब्दांत असावे आणि मजकूर काढून घेण्याचा हक्क त्यात लिहिलेला असावा. लेखनहक्क सांगणारीकडेच ठेवून तुम्ही फक्त प्रकाशनाचा अधिकार घ्या. त्याची मुदत लिहिली नाही तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षे धरली जाते, हे ध्यानात असू द्या. एखादीने लैंगिक अत्याचाराविषयी सांगितले असेल तर तिच्या लेखी संमतीशिवाय तिची ओळख पटेल असे काहीही छापणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गाव आणि नाते यांवरूनही ओळख पटते.

मुद्रितशोधन दोघांनी वेगवेगळे करावे. श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत टाइप केलेला मजकूर यूनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो किंवा गळतो. आमच्या एका प्रकरणात प्रत्येक ‘मोर्चा’चा ‘मोचा’ झाला होता आणि छापील फर्मा हातात येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नव्हते. तो फर्मा आम्ही पुन्हा छापला, आणि त्या वर्षीची शिल्लक त्यातच संपली.

छापलेल्या प्रती कुठे ठेवायच्या, हेही आधी ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या खोलीतले तीन पुस्तकांच्या प्रतींचे गठ्ठे पूर्ण भिजले. पाणी ओसरल्यावर गठ्ठे उचलायला गेलो तर पाने एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. तुमच्याकडे पुराचे भय नसले तरी वाळवी असते. गठ्ठे जमिनीपासून वर, फळीवर ठेवा आणि प्रती दोन-तीन गावांत वाटून ठेवा.

टपालाने प्रती पाठवण्यासाठी मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट ही सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत कमाल १०० रुपये, त्यावर कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचे किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असावे लागते. सार्वजनिक वाचनालयांकडे स्वतः जा. अनुदान जमा झाल्यावर त्यांची खरेदी होते, तेव्हा ग्रंथपालांना तो महिना आधीच विचारून ठेवा. मोठ्या शहरांतल्या दुकानांत पहिल्या वर्षी प्रती अडकवू नका, तिथून पैसे फार उशिरा येतात.

आमचे संमतीपत्र आणि विक्रीच्या वहीचे एक कोरे पान तुम्हाला पाठवतो. तुम्ही त्या बत्तीसपैकी कोणत्याही दोघींच्या आठवणी आणि छापखान्याचे दरपत्रक मला पाठवा, म्हणजे फर्म्यांचा आणि किमतीचा पक्का हिशेब करून देता येईल.