तळघरातली अभ्यासिका आणि चाळीस फोन

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. मी नेपरविलला राहते. २००५ ते २००९ या काळात मी इलिनॉय विद्यापीठात, अर्बाना-शँपेनला शिकले. त्यातली दोन वर्षं सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनेच्या, घरात काढली. गेल्या महिन्यात तिथून फोन आला. तळघरातली सामानाची खोली रिकामी करून मुलींसाठी अभ्यासिका करायची आहे, ६० हजार डॉलर हवेत. माझ्या आगेमागच्या चाळीस जणींना फोन करायचं काम मला सांगितलंय. मी हो म्हणून बसले. पण नवरा म्हणतो, ‘त्या मुलींना काय कमी आहे? आपल्या गावच्या शाळेचं छप्पर गळतंय, तिकडे दे की.’ मला दोघांचंही पटतं. शिवाय या पैशांवर करसवलत मिळते की नाही, हे मला कुणीच धड सांगत नाही. काय करू?
— एक वाचक

उत्तर : तुझं पत्र वाचून मी उठून जुनी फाइल काढली. माझी लेक ओहायोत शिकत असताना सोरोरिटीत गेली, आणि पुढे त्यांनी मलाही सभासद करून घेतलं. आयांना असं मागाहून घेण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. मी हिशेबाच्या कामातली, म्हणून घर सांभाळणाऱ्या मंडळाची खजिनदारी माझ्या गळ्यात पडली. ती नऊ वर्षं केली. तेव्हा हे ऐकीव नाही.

आधी आमची चूक सांगते. आम्हीही अभ्यासिकेसाठी पैसे जमवले, ३८ हजार डॉलर. मखमली खुर्च्या घेतल्या, भिंतभर कपाटं केली, देणगीदारांच्या नावांची पितळी पाटी लावली. उद्घाटनाला सगळ्या जुन्या मुली आल्या, फोटो निघाले. दोन महिन्यांनी रात्री अकराला काही कागद द्यायला मी त्या घरी गेले, तर अभ्यासिकेत कुणी नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी जेवणघरात, स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेली. तिने टोस्टरची पिन काढून तिथे लॅपटॉप लावला होता. लॅपटॉपखाली पावाचा चुरा, शेजारी भांडी धुण्याचं यंत्र घरघरतंय. मी म्हटलं, ‘अगं, तिकडे एवढी खोली केलीय ना!’ ती मला हाताला धरून घेऊन गेली. अख्ख्या खोलीत दोन प्लग, तेही कपाटामागे. दिवा एकच, छताला, पिवळा. आणि दाराऐवजी कमान, कारण कमान छान दिसते म्हणून आम्हीच ती निवडली होती. समोरच्या हॉलमधलं प्रत्येक हसणं आत ऐकू येत होतं. आम्ही चौदा बायकांनी वर्षभर बैठका घेतल्या आणि त्या घरात राहणाऱ्या एकाही मुलीला विचारलं नव्हतं. मला त्या रात्री फार वाईट वाटलं.

म्हणून फोन करण्याआधी एकदा शँपेनला जा. दिवसा नको, परीक्षेच्या आठवड्यात रात्री दहानंतर जा. मुली कुठे बसतात ते बघ: जिन्यात, कपडे धुण्याच्या खोलीत, गादीवर मांडी घालून. मग आराखडा माग. प्रत्येक खुर्चीपाशी प्लग आहे का, दार लागतं का, दोघी-तिघींना मिळून मोठ्याने बोलता येईल असा वेगळा कोपरा आहे का. तळघर आहे म्हणून ओल तपासून घ्यायची, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का तेही. आग विझवणारे पाण्याचे फवारे खालपर्यंत आहेत का हे तर पहिल्यांदा विचार. भिंती फोडायचं काम मे ते ऑगस्ट, घर रिकामं असतं तेव्हाच होतं, हे लक्षात घेऊन तारखा ठरवा.

आता कराचं. इथे बहुतेक जणी फसतात. सोरोरिटी आणि तिचं घर सांभाळणारं मंडळ हे करकायद्याच्या लेखी सहसा क्लब असतात, ५०१(सी)(७) या कलमाखालचे. त्यांच्या नावाने चेक लिहिलास तर करसवलत नाही. पण बहुतेक राष्ट्रीय सोरोरिटींचं एक वेगळं फाउंडेशन असतं, ५०१(सी)(३) खालचं. ते शिक्षणासाठी असतं, त्याला दिलेल्या देणगीवर सवलत मिळते, आणि घरातला जो भाग खरोखर अभ्यासाचा, तेवढ्यापुरतं ते घरमंडळाला अनुदान देऊ शकतं. झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, स्वयंपाकघर यात बसत नाही. म्हणजे अभ्यासिकेतली टेबलं, वायरिंग, दिवे चालतील, पण त्याच कंत्राटात कुणी वरच्या मजल्याचं न्हाणीघर घुसडलं तर त्याचे पैसे वेगळे उभे करावे लागतील. (घर विद्यापीठाच्या मालकीचं असेल तर १९६० पासून वेगळा नियम आहे, विद्यापीठालाच देणगी देता येते, पण तुमचं घर मंडळाचंच असावं, अशी घरं तिथे पुष्कळ आहेत.)

तेव्हा चाळीस जणींना सांगताना एकच वाक्य पाठ कर : ‘चेक फाउंडेशनच्या नावाने, खाली आपल्या शाखेच्या (चॅप्टरच्या) अभ्यासिकेसाठी असं लिहून.’ २५० डॉलर किंवा जास्त दिले तर फाउंडेशनची लेखी पोच हवीच, नुसत्या बँकेच्या कागदावर भागत नाही. २०२६ पासून जे खर्चांची यादी न जोडता सरसकट वजावट घेतात त्यांनाही पैशांच्या देणगीवर (चेकही त्यातच आला) एकट्याला १ हजार आणि जोडप्याला २ हजार डॉलरपर्यंत वजावट मिळते. तुझ्या बऱ्याच मैत्रिणी त्यातच मोडतील. ज्यांच्या कंपन्या देणगीइतकीच भर घालतात, त्यांना तेही विचारायला सांग. कंपन्या फाउंडेशनला भर घालतात, क्लबला सहसा नाही.

आणि मोठ्या रकमेमागे धावू नकोस. तुझ्या वयाच्या मुलींची घरं कर्जात आहेत, पोरं पाळणाघरात आहेत. महिना वीस डॉलर तीन वर्षं, असं माग. चाळिसातल्या पंचवीस जणी जरी हो म्हणाल्या तरी १८ हजार होतात. ‘अभ्यासिकेला मदत कर’ असं म्हणू नकोस. ‘एक खुर्ची, एक टेबलदिवा, एक प्लग’ असं म्हण. ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

राहिला तुझा नवरा. त्याचं म्हणणं खोडून काढायचं नाही, त्यात तथ्य आहे. त्या घरात राहायला पैसे पडतात, ते सगळ्यांना परवडत नाहीत. म्हणून तू एक अट घाल : घरात न राहणाऱ्या सभासद मुलींनाही ही खोली रात्रीपर्यंत उघडी हवी. माझ्या अनुभवात सगळ्यात गरजू त्याच असतात, भाड्याच्या खोलीत तिघी-तिघी राहणाऱ्या.

पण ‘त्यांना आपण का द्यायचं’ हा प्रश्न असेल तर त्याला एक गोष्ट सांग. १८८६ साली सिरॅक्यूजमध्ये अल्फा फाय या सोरोरिटीच्या मुलींनी स्वतःचं घर बांधलं. बायकांच्या अशा संस्थांमधलं ते पहिलं. त्याच वर्षी मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या. पुढे रमाबाई गावोगाव बोलत फिरल्या, अमेरिकन बायकांनी ‘रमाबाई सर्कल’ काढली, १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. सभासद बाईने वर्षाला एक डॉलर, दहा वर्षं द्यायचा. त्या डॉलरांवर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, आणि आपल्याकडच्या विधवा मुली तिथे राहून शिकल्या. त्या बायकांनी मुंबई पाहिलेली नव्हती. त्यांच्याही गावात छपरं गळतच असणार.

गावच्या शाळेला मात्र नक्की दे. दोन्ही पाकिटं वेगळी ठेव. मी आमच्या गावच्या शाळेला दिवाळीत देते आणि लेकीच्या सोरोरिटीच्या घराला मेमध्ये, पस्तीस वर्षांत एकानेही दुसऱ्याचं काही खाल्लं नाही. नवऱ्याला शाळेच्या छपराचा हिशेब मागवायला सांग, तो त्याच्याकडे सोपव.

आमच्या खोलीचं पुढे काय झालं, ते राहिलंच. आणखी ११ हजार जमवून आम्ही कमान बुजवली, दार बसवलं, जमिनीतून वीज काढून प्रत्येक टेबलाला प्लग दिला. मखमली खुर्च्या विकल्या. टोस्टरवाली मुलगी तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. कुठल्या टेबलाला किती उजेड हवा ते तिनेच ठरवलं. पितळी पाटी तिने दाराच्या मागच्या बाजूला लावायला लावली, कारण समोर तिला वेळापत्रकाचा फळा हवा होता. आम्ही लावली.

पहिला फोन अशा मैत्रिणीला कर, जिच्याबरोबर तू तिथे रात्री जागली आहेस. आणि चेक कुणाच्या नावाने ते आधी घरमंडळाकडून लेखी घे.